नाना कर्णेवाले आणि वेल्ह्याला गेलेली पेटी

जर्मनीशी लढाई सुरू झाल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, माघ महिन्यात, नसरापूरच्या तंबू सिनेमाचा एक हातगाडा हरवला. त्याच्यावर साखळदंडाने बांधलेली पत्र्याची पेटी होती. वेल्ह्याच्या रस्त्यावर, नसरापूरच्या पुढच्या पहिल्याच गावाच्या शिवेवर तो उभा करून ठेवला होता. सापडला तेव्हा तो वेल्ह्याच्याही पलीकडे, तोरण्याच्या पायथ्याला होता. पेटीवर हळदकुंकू, लिंबे, कडुलिंबाचे डहाळे, हिरव्या बांगड्या आणि खणाची एक चोळी होती. चाकाला पाय बांधलेली कोंबडी होती. कोंबडी जिवंत होती.

गाडा कोणी चोरला नव्हता. वाटेतल्या गावांनी तो स्वतः ओढत, हलगी वाजवत पुढे पोचवला होता.

तो उभा करणारे गृहस्थ म्हणजे नाना कर्णेवाले. आडनाव खरे नव्हे. खरे आडनाव भोरच्या पेठेत फार थोड्यांना माहीत होते आणि त्या आडनावाने हाक मारली तर नाना ओ देत नसत. तंबू सिनेमाची जाहिरात करणे हे त्यांचे काम. त्यासाठी एका कासाराने करून दिलेला पत्र्याचा कर्णा ते काखेत बाळगत. अंगाने बुटके, डोक्याला गुलाबी फेटा, आणि आवाज असा की कर्ण्याची गरज काय, हे कोणाला कळत नसे.

त्या वेळी मी भोरहून पुण्याच्या एका साप्ताहिकाला बातमीपत्र पाठवत असे. खाली लिहिले आहे त्यातले काही मी पाहिले, काही नानांकडून ऐकले. नानांकडून ऐकलेल्या गोष्टींना शक्य तिथे दुसऱ्याचा दुजोरा घेतला आहे.

नाना समोर एकच माणूस असला तरी त्याला ‘मंडळी’ म्हणत. वाण्याकडे गेले तरी, "मंडळी, गूळ द्या." घर नदीकाठी होते. संध्याकाळी घाटाच्या पायऱ्यांवर बसून ते कर्णा घराकडे वळवत आणि विचारत, "मंडळी, आज कालवण कशाचं?" त्यांच्या पत्नी गंगूकाकू दारातून उत्तर देत. काकूंजवळ कर्णा नव्हता, पण उत्तर पलीकडच्या काठाला ऐकू जाई. नानांच्या घरी काय शिजले आहे हे अशा रीतीने सगळ्या आळीला रोज कळत असे, आणि वांगी असली की शेजारचे दोघेतिघे जेवायच्या वेळेला सहज डोकावत.

मुक्या चित्रपटांच्या काळात नाना पडद्याच्या बाजूला उभे राहून सगळ्या पात्रांचे बोलणे बोलत. राजा, राणी, प्रधान, घोडा, सगळे तेच. एका चित्रपटात शेवटी नायिका डोहात उडी घेते. पहिल्या खेळाला बायका इतक्या रडल्या की तंबू रिकामा होईना. दुसऱ्या दिवशी पडदा काळा झाल्यावर नाना पुढे आले आणि म्हणाले, "मंडळी, रडू नका. बाई बुडाली न्हाई. खालच्या अंगाला एक कोळी जाळं टाकून बसला हुता, त्यानं काढली. आता ती माहेरी हाय. खाऊन-पिऊन बरी हाय."

कोळी चित्रपटात नव्हता. पुढच्या वर्षी तंबू लागल्यावर कामथडीच्या बायकांनी दारावर विचारले, "कोळ्याचा खेळ हाय का औंदा?" ही हकीकत मला तंबूत यंत्र चालवणाऱ्या हुसेनभाईंनी सांगितली. नानांनीही सांगितली, पण त्यांच्या सांगण्यात पुढे त्या बाईचे कोळ्याशी लग्नही झाले होते.

बोलपट आले आणि पडद्यावरची माणसे स्वतःच बोलू लागली. पहिल्या बोलपटाच्या पहिल्या खेळाला नाना सवयीने पडद्याशेजारी उभे राहिले. नायकाने नायिकेला विचारले, "कोण तू?" नायिकेच्या आधी नानांनीच उत्तर दिले. मालक केशवशेठ यांनी त्यांना हाताला धरून बाहेर आणले. तेव्हापासून त्यांच्याकडे फक्त जाहिरात राहिली.

त्या हिवाळ्यात तीही जाण्याची वेळ आली होती. केशवशेठ यांनी पुण्याहून विजेवर चालणारा ध्वनिक्षेपक आणला होता. इंजिन सुरू केले की गाणे लावायचे आणि मधूनमधून चित्रपटाचे नाव सांगायचे, इतके झाले की काम भागे. दुसरी अडचण प्रेक्षकांची होती. नसरापूर आणि आसपासचे लोक येऊन गेले होते. वेल्ह्याच्या रस्त्यावरची गावे बाजाराला येत, पण दिवस कलायच्या आत परत फिरत. तंबूत बसत नसत. नवा चित्रपट आला होता, ‘बुरुजावरची बाई’. भुताचा होता. केशवशेठ यांनी नानांना बोलावून सांगितले ते हुसेनभाईंच्या समोर.

"नाना, हा खेळ वेल्ह्याकडच्या लोकांनी भरला तर तंबू इथेच ठेवतो. नाहीतर पुढच्या आठवड्यात उचलतो आणि साताऱ्याकडे नेतो. तिकडे हे यंत्र आहे. तुम्हाला नेऊन मी काय करू, तुम्हीच सांगा."

"माझं सामान जास्त न्हाई, मालक," नाना म्हणाले.

"सामानाचं नाही बोलत मी."

नानांना जमीन नव्हती. गंगूकाकूंच्या भावाची होती आणि त्या भावाला नानांचा आवाज सोसत नसे.

नानांची अडचण आणखी एका गोष्टीने वाढली होती. ते भुताला भीत. भुताच्या चित्रपटाचा खेळ सुरू झाला की ते तंबूबाहेर पाठ करून उभे राहत. ‘बुरुजावरची बाई’ची जाहिरात करायची तर गोष्ट माहीत हवी. म्हणून त्यांनी हुसेनभाईंना भर दुपारी, उन्हात, बैलगाडीवर बसवून ती सांगायला लावली. एका सरदाराने आपल्या बायकोला बुरुजावरून ढकलून दिले आणि ती रोज वर चढून येऊ लागली, अशी गोष्ट होती. ती तिसऱ्यांदा चढू लागली तेव्हा नाना म्हणाले, "बास. पुढचं उद्या सांगा. आज ऊन कमी हाय."

मुंबईहून चित्रपटाबरोबर झलकेची एक छोटी फीत आली होती. चालू खेळाच्या मध्यंतरात ती दाखवायची, म्हणजे लोक पुढच्या खेळाला येतात, असा धंद्यातला रिवाज. फितीत हाडांचा सापळा, वटवाघळे, पैंजणांचा आवाज आणि एक किंकाळी होती. केशवशेठ यांना फलकावरही सापळाच हवा होता.

नानांनी विरोध केला. ते म्हणाले, "मालक, ही झलक पुण्याच्या मंडळींची हाय. वेल्ह्याचा माणूस सापळा बघंल आन् म्हणंल, कुणाचं जनावर मेलंय? वटवाघळं त्यांच्या आंब्यावर टांगलेली असत्यात. पैंजण वाजलं की बायका वळून बघत्यात, घडण कुठली म्हणून. भितंय कोण?"

"मग ते कशाला भितात?"

"इचारतो."

आणि त्यांनी खरोखर विचारले. आठवड्याच्या बाजारात ते कर्णा काखेत दाबून, न वाजवता, एकेका पालापाशी उभे राहिले. मी त्यांच्या मागे होतो. घोंगड्या विकणाऱ्या एका धनगराला त्यांनी विचारले, "मंडळी, तुमी कशाला भिता?"

"लांडग्याला."

"त्यो खरा झाला. खोट्याला?"

धनगराने विचार केला. "मेंढरं गप झाली तर. समदी येकदम."

नानांच्या अंगावर काटा आला. त्यांनी हात पुढे करून तो मला दाखवला.

वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या विंझरच्या सखूआत्या वाल विकायला बसल्या होत्या. वयाने मोठ्या, तोंडाने त्याहून मोठ्या. नानांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, "म्या? म्या कशाला भिऊ? माझा दाल्ला गेला, दीर गेला, सासू तर लई भांडून गेली. येक बी परत आली न्हाई. यायची हिंमत न्हाई त्यांची."

शेजारची बाई हसली. नाना हटले नाहीत.

"तरी पर, आत्या. कायतरी असंलच."

सखूआत्यांनी वालाची रास हाताने सारखी केली. "येक हाय. शेतावनं यावं, दाराला आपुन लावलेली कडी तशीच. घरात कुणी न्हाई. आन् चूल पेटलेली."

शेजारची बाई हसायची थांबली.

घरी गेल्यावर नानांनी हे वाक्य गंगूकाकूंवर लावून पाहिले. काकू त्यांच्या सगळ्या जाहिराती आधी ऐकत आणि कशालाही घाबरत नसत. नानांनी सांगितले तसे, काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी वाक्य ऐकले आणि उठून मागच्या दाराला कडी घालून आल्या. नानांना तेवढे पुरले.

पुढच्या बाजारात त्यांनी कर्ण्यातून एकच वाक्य सांगितले आणि कर्णा खाली ठेवला.

"घरात कोणी नाही. चूल पेटली आहे. ‘बुरुजावरची बाई’, नसरापूर, तंबू."

हुसेनभाईंनी त्यांना बाजूला घेतले. "नाना, पूर्ण चित्रपटात चूल नाही. सरदाराचा मुदपाकखानासुद्धा दाखवलेला नाही."

"जाहिरातीत हाय," नाना म्हणाले.

बाजार झाला, पण वेल्ह्याकडच्या बहुतेकांनी ते ऐकले नव्हते. ज्या बायकांनी ऐकले होते त्या वाघ मागे लागल्यासारख्या घाईने घरी गेल्या होत्या. म्हणून हातगाडा. नानांचा हिशोब असा होता की कर्णा घेऊन माणूस आला की लोक ओळखतात, हा काहीतरी विकतो आहे. कोणी नसेल आणि काही बोलणार नसेल तर लोक स्वतः बोलतात. जन्मभर आवाजावर जगलेल्या माणसाने ही योजना काढली, याचे हुसेनभाईंना शेवटपर्यंत नवल वाटत राहिले. पेटीत कागदी जाहिराती भरल्या आणि जड वाटावी म्हणून दोन धोंडे घातले. वर लाल कापड, भोवती साखळदंड, आणि पाटी: ‘आत बाई आहे. नसरापूरला बाहेर येईल.’

गावठाणात गाडा ठेवायचा तर पाटलांची परवानगी लागली असती, आणि पाटलांनी पहिला प्रश्न विचारला असता, आत काय आहे. म्हणून नानांनी तो शिवेवर ठेवला आणि घरी येऊन झोपले.

इथे त्या भागातली एक चाल सांगितली पाहिजे. गावात पटकीची साथ आली की मरीआईची पूजा करून तिचा लहान लाकडी गाडा वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडत. पुढच्या गावाला तो आपल्या शिवेवर दिसला की त्या गावानेही पूजा करायची, हळदकुंकू, चोळी-बांगडी वाहायची आणि तो आपल्या दुसऱ्या शिवेपार पोचवायचा. ढकलताना मागे पाहायचे नसे. नाना भोरच्या पेठेत वाढले होते. त्यांना ही चाल ऐकून माहीत होती. लाल कापडाची, आत बाई असलेली पेटी शिवेवर ठेवताना ती त्यांच्या डोक्यात आली नाही.

गावातल्या लोकांच्या मात्र लगेच आली. एकाला वाचता येत होते. त्याने पाटी वाचून दाखवली आणि त्यामुळे उरलीसुरली शंका गेली. दुपारपर्यंत गाडा दुसऱ्या गावाच्या शिवेवर होता.

नाना तिसऱ्या दिवशी काय परिणाम झाला ते पाहायला गेले. गाडा नव्हता. तो कसा गेला हे कळल्यावर ते तसेच पुढे चालू लागले. बाजाराहून त्यांना ओळखणारा तो घोंगडीवाला धनगर वाटेत भेटला आणि सोबतीला आला. गाड्याची बातमी भोरला कळताच मी निघालो होतो; विंझरला मी त्यांना गाठले.

प्रत्येक गावात संवाद एकच झाला.

"मंडळी, हितं एक गाडा हुता..."

"दिला पुढं. तुमच्याकडं बी साथ हाय का?"

"न्हाई, तसं न्हाई..."

"मग बसा. पाणी घ्या. लांबनं आलाय."

खरे सांगितले तर जाहिरात बुडणार होती. मरीआईच आहे असे खोटे सांगितले तर लोक नसरापूरकडे फिरकणार नव्हते, कारण बाई तिथे बाहेर येणार, असे पाटीवरच लिहिले होते. नाना विंझरपर्यंत नुसते पाणी पीत गेले आणि काहीच बोलले नाहीत. धनगर मला म्हणाला, "ह्यो मानूस गप कवा झाला? आजारी हाय का?"

गाडा वेल्ह्यापलीकडे अडला होता. पुढची वाडी डोंगरात होती आणि वाट बैलगाडीचीही नव्हती. वाडीकरांनी खाली येऊन सांगितले की आमच्याकडे नको. वेल्ह्याकडच्यांचे म्हणणे, आलेली बाई मागे नेता येत नाही. दोन्हीकडची माणसे गाड्याच्या दोन बाजूंना उभी होती. वाटेतल्या गावांतल्या काही बायका ओटी घेऊन गाड्याबरोबरच आल्या होत्या. त्यांत सखूआत्या होत्या. पेटीवरची चोळी त्यांची होती.

आवाज चढत होते. एकाने काठी जमिनीवर आपटली. नानांनी कर्णा काढला, तोंडाला लावला आणि काही न बोलता खाली घेतला. मग नुसत्या तोंडाने म्हणाले, "मंडळी, भांडू नका. ही मरीआई न्हवं. ही माझी पेटी हाय."

नानांनी साखळदंड सोडला आणि झाकण उघडले. कागद वाऱ्याने उडाले. धोंडे राहिले.

ज्याने काठी आपटली होती तो पुढे झाला. "देवाची चेष्टा करतो व्हय रं?"

"न्हाई, दादा. म्या भुताच्या खेळाची जाहिरात केली. चूक झाली. शिवेवर ठेवायला नगं हुती. तुमी वाहिलेलं समदं तुमचं माघारी घ्या."

सखूआत्या गाड्यापाशी गेल्या. आत वाकून पाहिले. एक कागद उचलला, उलटा धरला, परत ठेवला.

"आन् मेल्या, माझी चोळी?"

"घ्या ना, आत्या."

"कशी घिऊ? येकदा वाहिलेली चोळी माघारी घेत्यात का? नवी हुती. सनाला शिवलेली." त्या बायकांकडे वळल्या. "कुणाची ओटी भरली गं आपुन?"

"बुरुजावरची बाई," पाटी वाचून दाखवणाऱ्या माणसाने एक कागद उचलून वाचले. तो पहिल्या गावापासून गाड्याबरोबर आला होता. पुढे काय होते ते पाहायला, असे त्याने मला सांगितले.

"कोन हाय ही?" सखूआत्यांनी नानांना विचारले. "काय झालं तिचं?"

नानांनी गोष्ट सांगितली. जितकी ऐकली होती तितकी, म्हणजे तिसऱ्यांदा चढेपर्यंत. सरदाराने बायकोला बुरुजावरून ढकलले इथे आल्यावर बायकांच्या बाजूला कुजबुज झाली.

"ढकलली? कशापायी?"

"दुसरी करायची हुती त्याला."

"आन् माहेरचं कुनी आलं न्हाई?"

"खेळात न्हाई आलं."

सखूआत्यांनी पदर खोचला. "मंग आता आलं. चोळी आमी घातली, ओटी आमी भरली, तर लेक आमची झाली का न्हाई? चला गं. बघूनच येऊ त्या सरदाराला."

"आत्या, खेळ दिवस मावळल्यावर असतो," नाना म्हणाले. "परत यायला अंधार हुईल."

"समद्याच जातोय की. टेंभे घिऊ."

काठीवाल्याने काठी खांद्यावर घेतली. आपल्या बायकोला तो म्हणाला, "म्या बी येतो. लेकीच्या घरी जायचं तर बाप्या मानूस नको?"

गाडा मागे फिरला. प्रत्येक गावात तो थांबला, काय झाले ते सांगितले गेले, हसणे झाले, नानांना चार शब्द ऐकवले गेले आणि चोळी-बांगडी वाहिलेल्या बायका निघाल्या. पहिल्याच गावात एका म्हातारीने नानांच्या पाठीत धपाटा घातला आणि तीही चालू लागली. कोंबडी कोणी वाहिली हे ठरेना. हुसेनभाई म्हणतात ती तांबडी होती. मला ती काळी आठवते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नसरापूरच्या तंबूत जागा उरली नाही. बायकांची कनात काढून टाकावी लागली. केशवशेठ यांनी इंजिन सुरू करून ध्वनिक्षेपकावर गाणे लावले होते, ते कोणाला ऐकू आले नाही.

भुताचा चित्रपट म्हणून तो खेळ पडला. सापळा दिसला तेव्हा धनगर मोठ्याने म्हणाला, "म्हस हाय." सरदाराने बायकोला बुरुजाकडे नेले तेव्हा सखूआत्या उभ्या राहिल्या. "ए मुडद्या! हात लावून बघ!" त्याने हात लावला. तंबूतून वाल, सुपाऱ्या आणि एक वहाण पडद्यावर गेली. बाई पहिल्यांदा बुरुजावर चढून आली तेव्हा कोणी किंचाळले नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "चढ गं बाई! धर त्याला!" दुसऱ्यांदा चढली तेव्हा पुरुषही ओरडू लागले. तिसऱ्यांदा तिने सरदाराला खाली ढकलले, आणि हुसेनभाईंना ती फीत पुन्हा गुंडाळून परत दाखवावी लागली.

नाना बाहेर, तंबूकडे पाठ करून उभे होते. केशवशेठ त्यांच्याकडे आले.

"नाना, भुताचा खेळ आहे. एकजण तरी भ्यालं का?"

"न्हाई, मालक."

"मग हे काय आहे?"

"लेकीची पाठराखण हाय. पर मंडळी आली."

केशवशेठ काही वेळ आतला आवाज ऐकत उभे राहिले. मग ते इंजिनापाशी गेले आणि ध्वनिक्षेपक बंद केला.

खेळ सुटला. टेंभे पेटले. लोक रस्त्याला लागण्याच्या तयारीत असताना सखूआत्या नानांसमोर आल्या. मागे बाकीच्या बायका होत्या.

"खेळ बरा हाय," त्या म्हणाल्या. "पर बाजारात म्हनला हुतास, घरात कुनी न्हाई आन् चूल पेटलेली. ती चूल कुठं हाय? आमाला न्हाई दिसली."

हुसेनभाई यंत्राच्या खोलीतून बाहेर आले होते. त्यांनी मान खाली घातली.

नानांनी कर्णा उचलला. तोंडाला लावला. सगळे गप्प झाले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "मंडळी, ती खेळात न्हाई. तुमी समद्या हितं हाय. घराला कडी लावून आलाय न्हवं? जावा. बघा."

हसणे थांबले. एक टेंभा फरफरला. एका बाईने शेजारणीचा हात धरला. मग सखूआत्याच म्हणाल्या, "मुडदा बशिवला तुझा," आणि सगळ्या एकदम निघाल्या. त्या वेगाने वेल्ह्याच्या रस्त्याने इतकी माणसे गेलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. धनगर सगळ्यांच्या पुढे होता.

दुसऱ्या दिवशी मी विंझरला जाऊन चौकशी केली. चुली थंड होत्या. एका घरी पेटलेली होती; तिथली सून खेळाला न जाता मागे राहिली होती. तिच्या सासूने दारातच बसकण मारली आणि उजाडेपर्यंत घरात पाऊल टाकले नाही, असे सुनेने सांगितले. सासूने याचा इन्कार केला.

तंबू साताऱ्याकडे गेला नाही. ‘बुरुजावरची बाई’ होळीपर्यंत चालली. वेल्ह्याकडच्या बायका पुन्हा आल्या, न आलेल्यांना घेऊन आल्या, आणि प्रत्येक खेळाला एक नवी बाई चुलीचे विचारी. ध्वनिक्षेपक केशवशेठ यांनी वाईच्या एका व्यापाऱ्याला लग्नसमारंभासाठी दिला.

मी नंतर पुण्याला गेलो. नानांना शेवटचे पाहिले ते त्याच्या पुढच्या हिवाळ्यात, विंझरच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या वालाच्या शेतात. तंबूवर नवा चित्रपट यायचा होता. नाना बांधावर बसले होते. समोर सखूआत्या आणि इतर काही बायका शेंगा तोडत होत्या. मी रस्त्यावर उभा राहून ऐकले.

"भूत बास झालं," सखूआत्या सांगत होत्या. "भुताचं आमाला काय वाटत न्हाई, तू बघितलंसच की. औंदा सासू आन."

"कसली सासू?"

"मेलेली नगं. जित्ती."

"काय करती ती?"

"कायबी करत न्हाई. दारात बसलेली असती. सून पान्याहून येती, तर ही नुसती बघती." त्या थांबल्या. "आन् हसती."

बाकीच्या बायकांनी हात थांबवले. एक म्हणाली, "अगं आई."

नानांनी कर्णा बांधावर ठेवला. ते ऐकत होते.

त्यानंतरच्या बाजाराला नसरापुरात तंबूबाहेर नवा फलक लागला. त्यावर दारात बसलेल्या एका म्हातारीचे चित्र होते. ती हसत होती.